तेते वा

जेब्बा, नदीकाठ
३ डिसेंबर १९७६

नवरीबाई वहिनी,

मी जिवंत आहे. आधी हे आईला सांग, मग पुढचं वाच.

कानोला जायला निघालो होतो तो जेब्बालाच अडकलो. ज्या मालट्रकच्या टपावर बसून आलो त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, 'घाई कसली, कबर जागची हलत नाही', आणि तो ट्रक नदीच्या अलीकडे जो बंद पडला तो पडलाच. ड्रायव्हर म्हणाला, "उतर राजा, तुझं नशीब इथवरच होतं." मी म्हटलं, नशिबाचं सोड, अर्धं भाडं परत दे. तर बोनेटखाली डोकं घालून बसला, जसं काही मी त्याच्या इंजिनाशीच बोलत होतो.

हरमाटनचा धुळीचा वारा सुरू झालाय. सकाळी इथे ओया दिसत नाही. (नकाशात तिला नायजर म्हणतात असं मास्तर सांगायचे. मी त्या नकाशावरची माशी मारली म्हणून वर्गाबाहेर गेलो, तो आत आलोच नाही.) तर नदी दिसत नाही, नुसती चुळबुळ ऐकू येते. मग त्या पांढऱ्या धुळीतून एकेक होडी अशी बाहेर येते, की वाटावं कुणाला तरी झोपेत तिची आठवण झाली. पुलाला दोन्ही टोकं नसतात. वरून आगगाडी जाते तेव्हा मला दर वेळी वाटतं, हिच्यातली माणसं बहुतेक उतरणारच नाहीत कुठे. काल घाटावर एक आरसेविक्या आला होता, पाठीवर दहा-बारा आरसे. तो चालला की त्याच्या पाठीवर नदी चालायची. मी बराच वेळ त्याच्यामागे गेलो. मग आठवलं, मला जायचं होतं मीठ आणायला.

हं, तर काम असं. हसू नकोस. एफो रीरो कशी करतात? जन्मभर तुझ्या आणि आईच्या हातची खाल्ली, पण चुलीकडे पाठ करून. एवढं माहीत आहे की पालेभाजी असते, लाल तेल असतं आणि खूप ढवळायचं असतं. कुठल्या क्रमाने काय घालायचं ते लिही. आणि इरू किती घालायचं? भरपूरच घालतात ना? दोन मुठी?

मलाच खायची आहे. नदीच्या हवेने भूक लागते.

तुझा
तोला


ओग्बोमोशो
१२ डिसेंबर १९७६

माझे धाकले नवरोबा, कवडीदात,

रीतीप्रमाणे गुडघे टेकले आहेत असं समज. खरं तर पाय पसरून बसले आहे, मांडीवरच्या सुपात भुईमुगाच्या शेंगा आहेत. तू माझ्यापेक्षा लहान, पण मी या घरात यायच्या आधी जन्मलास म्हणून नवरा! ज्याने ही रीत काढली त्याला तुझं नाक पुसावं लागलं नसणार.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "चुलीबद्दल विचारतोय? ताप आलाय पोराला." मी म्हटलं, ताप कसला, बाई आली असेल. कोण आहे रे ती? तिकडच्या नुपे लोकांची आहे का? होडीवाल्याची पोर? आणि तिला स्वयंपाक येत नाही की तू तिला दाखवतो आहेस की तुला येतो? दोन्हीकडून मेलास.

ऐक. लाल मिरच्या, एखाद-दुसरी ती चुरमडलेली जहाल मिरची आणि कांदा पाट्यावर वाट. गंधासारखं करू नकोस, भरड राहू दे. मडक्यात पामतेल तापव. कांदा टाक. मग इरू टाक आणि त्या आंबवलेल्या बियांच्या वासाने नाक धरून पळू नकोस. मग वाटण. तेल कडेने सुटून वर येईपर्यंत परत. मग भाजलेला मांगूर, काटे काढून, आणि मूठभर सुकट. पाण्याचा थेंब घालायचा नाही. भाजी आधीच चिरून, कढत पाण्यातून काढून पिळून ठेवलेली असते. पिळून म्हणजे, तुझा सदरा धुतल्यावर मी पिळते तशी. ती सगळ्यात शेवटी. झाकण ठेवलंस तर काळी पडेल. ढवळत राहायचं, रीरोचा अर्थच तो. ढवळताना इकडेतिकडे बघायचं नाही, हे दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं नसतं.

शोको मिळाली तर उत्तम. तिच्या नावातच आहे, नवऱ्याला गुबगुबीत कर. माझा मोठा नवरा तर उडूनच गेला, धाकला तरी होऊ दे गुबगुबीत. इथे हरमाटनने वाफे वाळवले. शोको नाही, तेते नाही. बाजारात पालेभाजीची काडी औषधाला मिळत नाही.

थट्टा पुरे. तुझ्या दादांचं काही कळलं का कुठे? तू ट्रकवाल्यांत हिंडतोस, कानावर येतं. गावात अजून त्यांच्याबद्दल तेच चालू आहे: आयानदेलेने सरदाराच्या घरच्या बारशाला, भर अंगणात, स्तुती वाजवायची तिथे बोलत्या ढोलातून शिवी वाजवली. कुणी म्हणतात प्यायला होता, कुणी म्हणतात दुसऱ्या सरदाराने फितवला. ते घरी आल्यावर मी विचारलं, असं का केलंत? काही नाही. पाठ करून बसले. मी दिवे लागेपर्यंत बोलत होते. ओरडले, मग रडले, मग हळू आवाजात म्हटलं, जे झालं ते झालं, मी तुमच्याबरोबर आहे. त्यालाही मान वळली नाही. सकाळी अंगण झाडायला उठले तर ढोल खुंटीला होता आणि माणूस नव्हता.

नवं वर्ष लागलं की माझे वडील मला न्यायला येणार आहेत. ते म्हणतात, पोरी, ज्याला तुला एक शब्द द्यावासा वाटला नाही त्याची वाट कशासाठी बघतेस? मला उत्तर सुचत नाही. रागावून गेलेल्या माणसाची वाट बघता येते, कवडीदात. ज्याच्या खिजगणतीतच आपण नव्हतो त्याची कशी बघायची?

भाजी कशी झाली ते कळव.

नवरीबाई


जेब्बा
१९ डिसेंबर १९७६

नवरीबाई वहिनी,

पहिली भाजी फसली. बाजारवालीने मला ती लुसलुशीत पाणभाजी दिली, मीही चकाकते म्हणून घेतली, आणि पिळायची राहिली. मी पिळणारच होतो, पण तेवढ्यात बाहेर एक माणूस बोकडाला होडीत चढवत होता आणि बोकड त्याला चढवू देत नव्हता, ते बघायला गेलो. परत आलो तर मडक्यात तळं. बेडूक तेवढा कमी होता. त्याने एकदा बघितलं आणि वाडगं हळूच माझ्याकडे सरकवलं.

तो म्हणजे कोण, विचारशील. इथला एक नाववाला. मी त्याच्या झोपडीत राहतो. उगीच काहीतरी मनात आणू नकोस, ओळख अशीच झाली, पुलावर. भला माणूस आहे, पण ठार बहिरा. कुठल्याशा तापात कान गेले म्हणे. बोलतही नाही. बोलता येतं, पण स्वतःचं ऐकू येत नाही ना, त्यामुळे सूर घसरतात. आपली भाषा कशी आहे तुला माहीतच आहे, सूर चढायचा तिथे उतरला की शब्दाचा भलताच शब्द होतो. एकदा 'वल्हं दे' म्हणायला गेला तर असं काही निघालं की अख्खा घाट पोट धरून हसला. तेव्हापासून तोंड मिटलं ते मिटलंच. खातही नाही धड. उकडलेला यामचा कंद नुसता चावतो, नदीकडे बघत. म्हणून म्हटलं, भाजी करून घालावी. त्याच्यासाठी असं नाही. मीही खातोच.

त्याची एक गंमत सांगतो. आगगाडी यायच्या वेळेला तो पुलावर जातो आणि लोखंडी कठड्यावर हात ठेवून उभा राहतो. डोळे मिटलेले. गाडी आली की सगळा पूल थरथरतो, आणि त्याची बोटं कठड्यावर चालायला लागतात. धूळ इतकी असते की गाडी दिसत नाही, तो अर्धाच दिसतो, बोटं तेवढी दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं मी अजून ट्रकच्या टपावर झोपलोय आणि हे स्वप्न आहे. नाव मात्र मला माहीत नाही त्याचं. विचारलंच नाही.

दुसरी भाजी बरी झाली. तिसरी आणखी बरी. इरू मी तू म्हणालीस तसंच, वाटणाच्या आधी तेलात घातलं. त्या वासाला तो दाराशी येऊन उभा राहिला, आत आला नाही, पण गेलाही नाही.

दादांचं काही कळलं नाही. कळलं की कळवीन. तुझ्या वडिलांना सांग, घाई करू नका, रस्ते खराब आहेत.

तोला

ता. क. कागद संपला. तेते वा.


ओग्बोमोशो
२९ डिसेंबर १९७६

कवडीदात,

आज गुडघेबिडघे काही नाही.

नाववाल्यांची बोटं कठड्यावर चालत नाहीत रे. आणि ज्या मुलाने इरूच्या वासाला भिऊन लहानपणापासून आपलं ताट आंब्याखाली नेलं, तो दोन मुठी इरू मागतो? मला पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं. मी आपली होडीवाल्याची पोर शोधत बसले.

बहिरा. हा शब्द वाचला आणि उठून चुलीतलं लाकूड मागे ओढलं, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

पावसाळ्यात तुझे दादा तापातून उठले, तेव्हापासून हाक मारली की येत नसत. मी म्हणायची, मोठे झाले आता, बायकोच्या हाकेला कोण येतं! ढोलाला कान लावून बसायचे, तासन्‌तास. मी म्हणायची, त्याच्याशीच लग्न करायचं होतं. सरदाराच्या अंगणात त्यांना स्वतःचा ढोल ऐकू येत नव्हता. दोरी किती आवळायची ते हाताच्या आठवणीवर ठरवून वाजवत होते, आणि हात चुकला. बस्स, एवढंच झालं होतं. आणि मी दिवे लागेपर्यंत बोलत होते, तोला. कुणाशी बोलत होते?

बघ, तुझं नाव लिहिलं गेलं. दिराचं नाव घेतलं म्हणून आईला सांगू नकोस.

तू सांगायचं नाही म्हणून शपथ घातली असणार तुला, ते कळतं. तरी शेवटी कोपऱ्यात लिहिलंसच, 'तेते वा', लवकर ये. येते. सोमवारचा बाजार उठला की तुझी पत्रं आणणाऱ्या ट्रकने निघते. वडील यायच्या आत निघायला हवं, एकदा ते अंगणात बसले की मला नाही म्हणता येणार नाही.

त्यांना काही सांगू नकोस. सांगणार तरी कसा म्हणा.

नवरीबाई


जेब्बा
२ जानेवारी १९७७

वहिनी, येऊ नकोस!

मी 'लवकर ये' लिहिलंच नव्हतं! मी लिहिलं होतं, तेते आहे! तेते, भाजी! तुझ्याकडे वाफे वाळले ना, तर इथे काठच्या गाळात तेते हवी तेवढी आहे, एवढंच मला सांगायचं होतं. त्या तेतेच्या अक्षरांखाली टिंबं द्यायची असतात आणि वर सुरांच्या रेघा, हे मला माहीत आहे, पण कुठल्या कुठे ते कधी पक्कं झालं नाही, म्हणून मी देतच नाही, सगळ्यांना एकसारखं. आजवर कुणी अडलं नव्हतं.

हो, दादाच आहे. पुलावर बोटं बघून ओळखलं. त्याने माझ्या तोंडावर हात दाबला, मग दक्षिणेकडे, आपल्या घराकडे बोट दाखवलं आणि नाही म्हणून मान हलवली. मी अयानच्या, म्हणजे आपल्या ढोलाच्या देवाच्या नावाने शपथ घेतली. आता माझी जीभ झडणार.

आणि ऐक, तुला आणखी एक सांगतो, शपथ मोडलीच आहे तर. मी एकदा त्याला खुणेने तुझ्याबद्दल विचारलं. त्याने पंजा असा उघडमीट करून दाखवला, बोलणाऱ्या तोंडासारखा, जोरजोरात. मग माझ्याकडे पाठ केली. त्या दिवशी तुझं एक अक्षर त्याला ऐकू आलं नव्हतं, वहिनी. नुसतं तोंड दिसत होतं, रागावलेलं. काय बोलत असशील ते त्याने आपल्या मनाने भरलं, आणि पुढचं बघवेना म्हणून तोंड फिरवलं. तू शेवटी हळू आवाजात काय म्हणालीस ते त्याला माहीतच नाही. मला सांगता आलं नाही. त्याची खूण कशी करतात?

हे पत्र ट्रकवाल्याला देतोय, आणि मला खात्री आहे की तू आणि हे पत्र इलोरिनच्या आसपास कुठेतरी एकमेकांना ओलांडून जाल. मी नदीपलीकडे मोक्वाला चाललो. भितो म्हणून नाही. तिकडे एका माणसाकडे बोलणारा पोपट आहे असं ऐकलंय.

खरं म्हणजे भितोच.

तोला


जेब्बा
९ जानेवारी १९७७

धाकले नवरोबा, कवडीदात,

गुडघे टेकले आहेत. आज खरोखर.

तुझं 'येऊ नकोस' मला इथे मिळालं. ट्रकवाला ते ओग्बोमोशोला नेऊन, मी नाही म्हणून परत घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला इथे येऊ नका असं सांगायला आलंय." घाटावरचे सगळे हसले. ज्या मास्तरने तुला टिंबं द्यायला शिकवलं नाही त्याचं देव भलं करो.

मी आले तेव्हा ते नाव घेऊन पाण्यात होते. तुझी झोपडी मला बोकडवाल्याने दाखवली. होय, तोच. बोकड अजून त्याच्याकडेच आहे. चुलीजवळ तू मिरच्या टाकून गेला होतास, काठावर तेते होती, तुझं खोटं नव्हतं. मी बोचकं ठेवलं आणि भाजीला बसले. दुसरं काय करणार? हात रिकामे असते तर मी पळून गेले असते. धूळ इतकी होती की नदी कुठे सुरू होते ते दिसेना. मला वाटत राहिलं, मी कुठे आलेच नाही. मी ओग्बोमोशोलाच बसून भाजी परतते आहे, आणि ही माझी दुपारची झोप आहे.

इरूचा वास सुटला आणि त्या पांढऱ्यातून ते बाहेर आले. वल्हं खांद्यावर. मला तू समजून दाराशी उभे राहिले. मी मान वर केली.

काही झालं नाही रे. तू समजत असशील धावले, रडले. त्यांनी वल्हं खाली ठेवलं, पाच पावलं पाण्याकडे गेले, आणि तिथे एक होडी उलटी टाकलेली होती तिच्यावर जाऊन बसले. माझ्याकडे पाठ करून. अगदी तशीच पाठ. मी इतक्या लांब येऊन पुन्हा त्या पाठीसमोर उभी.

त्या दिवशी त्यांना माझं ओरडणारं तोंडच दिसलं असणार, म्हणून ते दाखवायचं नाही, एवढंच मी ठरवून आले होते. मी जाऊन शेजारी बसले, नदीकडे बघत. आणि त्यांचा दंड धरला. ढोल काखेत धरून दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो, आणि मधे धरला की मधला, एवढं वादकाच्या बायकोला ठाऊक असतं. मी आवळला, सोडला, मधे धरला. बसलेल्या माणसाला आपण जो नमस्कार म्हणतो तो असा, दंडावर, नुसत्या सुरांत म्हटला. त्यांनी हात ओढून घेतला. मी पुन्हा धरला. मग मी ते म्हटलं, त्या दिवशी शेवटी हळू आवाजात म्हटलेलं, पाठीला म्हटलेलं. जे झालं ते झालं, मी तुमच्याबरोबर आहे. दोनदा म्हटलं.

ते माझ्याकडे वळले. कपाळाला ही आठी. आणि दोन्ही हातांची बोटं डोक्यावर धरून मला शिंगं करून दाखवली. बोकड?

मी काय वाजवलं देव जाणे. त्यांच्या दंडाला बोकडाबद्दल काहीतरी कळलं होतं. मी नको नको म्हणून हात हलवला, पुन्हा आवळायला लागले, घाईघाईने, आणखीच चुकले असणार, कारण त्यांना ते सहन होईना. तुझ्या दादांना सगळं सहन होतं, वाईट वाजवणं होत नाही. त्यांनी माझा हात उचलला. अंगठा इथे, बोटं अशी, मनगट सैल, असं स्वतःच्याच दंडावर नीट बसवून दिलं, नव्या पोराला शिकवतात तसं. आणि मान हलवली. आता म्हण.

मी म्हटलं. सावकाश. या वेळी कळलं. ते मला कसं कळलं, हे मी तुला लिहिणार नाही.

भाजी तळाला लागली. दोघांनी तशीच खाल्ली.

तू आता पोपट पुरे कर आणि ओग्बोमोशोला जा. आईला सांग की तिचा मुलगा जिवंत आहे आणि शिवी त्याने वाजवली नव्हती, हात चुकला होता. माझ्या वडिलांना सांग, मला उत्तर मिळालं. आम्ही कधी येऊ ते आत्ताच विचारू नका. पाणी जरा उतरू दे, गावाच्या तोंडाला तोंड द्यायचा दम येऊ दे. तुझी जीभ झडणार नाही. ज्याने शपथ घातली त्यानेच काल तुझ्या नावाने नदीत कोलानट वाहून ती उतरवली.

आज सकाळी मी पाणी भरायला थोडी लांब गेले होते. धूळ दाट होती. मागून आवाज आला. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, मोठ्याने, वेडीवाकडी. पहिला सूर खाली पाहिजे तो वर, शेवटचा वर पाहिजे तो कुठेतरी भलतीकडेच. माझं नाव अवेरो, पण ते अवेरो नव्हतंच. तसलं नाव कुठल्याही आईने कुठल्या मुलीला ठेवलेलं नाही. घाटावर दोघं-तिघं हसायला लागले.

मी घागर खाली ठेवली आणि ओ दिली.

नवरीबाई